हा फोटो कुणाच्या घरी लागणार?

प्लॅटिनम प्रिंटबद्दल सगळे आधी सांगतात ते त्याच्या टिकण्याबद्दल. चांदीच्या क्षारांवर छापलेला फोटो हवेतल्या गंधकाने पिवळा पडतो. रंगीत फोटो तर आपल्या डोळ्यांदेखत उडून जातो. प्लॅटिनमवर हवेचा, पाण्याचा, बहुतेक आम्लांचा काही परिणाम होत नाही. शिवाय इथे कागदावर जिलेटिनचा थर नसतो. प्रतिमा कागदाच्या धाग्यांतच बसते, म्हणून कागद आहे तोवर फोटो आहे, आणि चांगला सुती कागद काही शतकं सहज काढतो. इंग्लंडच्या विल्यम विलिस यांनी 1873 साली या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्या शतकातले प्रिंट आजही संग्रहालयांत आपल्या काळ्या-करड्या छटा राखून आहेत.

या टिकण्याच्या ओढीनेच मी प्लॅटिनमकडे आले. पेण तालुक्यातल्या गडब गावच्या घरात, पूर्वी जिथे भात साठवत त्या खोलीत, खिडकी झाकून मी ही छपाई शिकते आहे. हात आता बराच बसला आहे. मन मात्र बसलेलं नाही. जी वस्तू माझ्यामागे दोनतीनशे वर्षं राहील ती करण्याचा अधिकार मला कुणी दिला, हा प्रश्न प्रत्येक कागदापाशी उभा राहतो. त्याला बगल देऊन काम करता येतं, पण तसं करायचं नाही म्हणून हे लिहिते आहे.

काम काय आहे ते आधी सांगते, कारण प्रश्न त्या कामातूनच निघतात. खोली पूर्ण अंधारी लागत नाही. ही रसायनं अतिनील किरणांना दाद देतात, मंद पिवळा दिवा त्यांना चालतो. फेरिक ऑक्झलेट आणि पोटॅशियम क्लोरोप्लॅटिनाइट यांचे थेंब मोजून काचेच्या वाटीत एकत्र करायचे, सुती कागदावर काचेच्या दांडीने किंवा मऊ ब्रशने सारखे पसरायचे आणि कागद वाळवायचा. कागदात खडू मिसळलेला असून चालत नाही. बाजारातल्या बहुतेक टिकाऊ कागदांत तो मुद्दाम घातलेला असतो आणि त्यावर हे मिश्रण बिघडतं. असा कागद आधी ऑक्झॅलिक आम्लात बुडवून काढावा लागतो. एन्लार्जरचा इथे उपयोग नाही. जेवढा फोटो तेवढीच निगेटिव्ह लागते, आणि ती कागदाला भिडवून काचेखाली दाबून उन्हात ठेवायची असते. पूर्वी त्यासाठी मोठाले कॅमेरे लागत. आता पारदर्शक फिल्मवर इंकजेट प्रिंटरने निगेटिव्ह काढता येते, म्हणून माझ्यासारखीच्या आवाक्यात हे आलं.

ऊन प्लॅटिनमला काही करत नाही. ते लोखंडावर काम करतं, फेरिकचं फेरस करतं. काच उघडल्यावर कागदावर एक पुसट तपकिरी सावली तेवढी दिसते. मग पोटॅशियम ऑक्झलेटचं द्रावण एका झोकात ओतायचं. त्याच क्षणी फेरस लोखंड प्लॅटिनमच्या क्षारातून धातू मोकळा करतं आणि माणूस, बांध, आभाळ सगळं एकदम समोर येतं. सिल्व्हरच्या डार्करूममध्ये प्रतिमा हळूहळू उगवते; इथे वाट पाहणं नाही. यानंतर कागदातलं सगळं लोखंड धुऊन काढायचं. जरा जरी राहिलं तरी पांढरा भाग पिवळट होतो. काम लोखंड करतं, मागे प्लॅटिनम राहतं आणि पद्धतीला नावही प्लॅटिनमचंच.

चित्र समोर येण्याच्या त्या क्षणाचं वेड लागतं, हे मला मान्य आहे. पण वेड लागणं हे कारण म्हणून पुरेसं नाही. प्लॅटिनमचा काळा रंग सिल्व्हर जिलेटिनइतका गडद कधी होत नाही. त्याची खरी ताकद मधल्या छटांत आहे, आणि आमच्या खारेपाटात, खाडीकाठच्या या खारट जमिनीच्या पट्ट्यात, मधल्या छटांशिवाय दुसरं काय आहे? खाजणातला चिखल, ओहोटीनंतरची ओल, कापणीनंतरचं शेत, सकाळचं धुकं. या मुलुखाला हा धातू शोभतो. हे माझं पहिलं कारण आणि ते खरं आहे. दुसरं कारण असं की प्लॅटिनम या शब्दाला बाजारात मान आहे. तोच फोटो साध्या कागदावर छापला तर कुणी थांबून पाहणार नाही, आणि प्लॅटिनम म्हटलं की आवाज खाली येतो, किंमत वर जाते. या दोन कारणांपैकी कोणत्या कारणाने मी एखादी निगेटिव्ह निवडते, हे दर वेळी स्वतःला विचारावं लागतं. उत्तर दर वेळी स्वच्छ येत नाही.

प्रश्नाला धार आणली ती शेजारच्या काकींनी. कापणीच्या दिवसांत बांधावर टिपलेला त्यांचा फोटो मी प्लॅटिनममध्ये छापला आणि त्यांना दाखवायला नेला. त्यांनी हात पदराला पुसून कागद कडेने धरला, बराच वेळ पाहिला, चांगला आलाय म्हणाल्या, आणि विचारलं, हा कुणाच्या घरी लागणार? त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. मला लगेच बोलता आलं नाही. छापताना माझ्या मनात मुंबईतली एखादी पांढरी भिंत होती.

त्या प्रश्नाने मला या कलेचा इतिहास पुन्हा वाचायला लावला. पीटर हेन्री इमर्सन आणि टी. एफ. गुडॉल यांनी 1886 साली इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या पाणथळीवर एक पुस्तक काढलं, ‘लाइफ अँड लँडस्केप ऑन द नॉरफोक ब्रॉड्स’. त्यात 40 प्लॅटिनम प्रिंट आहेत. लव्हाळे कापणारे, जाळी लावणारे, दलदलीतून घरी परतणारे कष्टकरी. पेणचा खारेपाट आणि तो मुलूख सख्खे भाऊ वाटावेत. इमर्सन यांनी स्टुडिओतल्या खोट्या पोझेस नाकारल्या आणि माणसाला त्याच्या कामाच्या जागी टिपण्याचा आग्रह धरला. ते ऋण मी मानते. पण चित्राखाली बहुधा कामाचं नाव आहे, माणसाचं नाही. पुस्तक मोजक्या प्रतींचं, महागडं. लव्हाळे कापणाऱ्याच्या झोपडीत ते गेलं नसणार.

आपल्याकडची गोष्ट याहून कडू आहे. विल्यम जॉन्सन यांनी 1863 आणि 1866 साली मुंबईत राहणाऱ्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले. माणसं एका जागी टिपलेली, मागचा देखावा दुसरीकडचा, आणि दोन्ही जोडून एक फोटो. पुढे 1868 ते 1875 या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड निघाले. त्यांतही माणसाची ओळख मुख्यतः त्याच्या जातीची, टोळीची. ही पुस्तकं प्लॅटिनममधली नाहीत. पण टिपणारा कोण, टिपला जाणारा कोण आणि पाहणारा कोण, ही मांडणी तीच.

आणि पॉल स्ट्रँड. 1916 साली न्यूयॉर्कच्या रस्त्यावर त्यांनी एका अंध विक्रेतीचा फोटो घेतला. तिच्या गळ्यात ‘ब्लाइंड’ लिहिलेली पाटी आहे. समोरच्याला कळू नये म्हणून त्यांनी कॅमेऱ्याला दिशाभूल करणारी खोटी लेन्स लावली होती. त्या फोटोचा प्लॅटिनम प्रिंट न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे आणि तो मोठा फोटो आहे, याबद्दल मला शंका नाही. जिला दिसत नव्हतं तिचा फोटो तिच्या नकळत घेतला गेला आणि तो कायमचा राहिला. तिचं नाव राहिलं नाही. मी त्या चित्रासमोर नतमस्तकही होते आणि अस्वस्थही होते, आणि या दोन भावनांपैकी एकीला घालवून द्यायची माझी इच्छा नाही.

आता माझ्या चौकटीकडे येते. गडबच्या शिवारात कॅमेरा लावला की एका दिशेला महामार्ग, डोलवीकडची धुरांडी, विजेच्या तारा. तोंड फिरवलं की शेत, बांध, खाडीकडे जाणारं पाणी. प्लॅटिनमच्या मऊ करड्या छटांत दुसरी दिशा फार सुंदर दिसते. ती शंभर वर्षांपूर्वीची वाटते, आणि तिथेच धोका आहे. अमेरिकेत एडवर्ड कर्टिस यांनी तिथल्या मूळ रहिवाशांच्या एका चित्रात दोन माणसांच्या मधोमध ठेवलेलं घड्याळ छपाईच्या वेळी काढून टाकलं. त्यांना काळाच्या बाहेरची माणसं हवी होती. ती माणसं मात्र घड्याळ वापरत होती.

आमचा खारेपाट काळाच्या बाहेर नाही. बांधाला खांड गेली, म्हणजे तो फुटला, की भरतीचं पाणी शेतात शिरतं, आणि मग पुढची काही वर्षं भाताची आशा नसते. खारभूमीसाठी 1948 साली कायदा झाला, 1979 साली दुसरा झाला. खांडी अजून जातात. 21 सप्टेंबर 2008 रोजी पेण तालुक्यात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत शेतकऱ्यांनी आपली जमीन विशेष आर्थिक क्षेत्राला, म्हणजे सेजला, द्यायची की नाही यावर मत नोंदवलं. ज्या जमिनीवर मतदान झालं ती जमीन मी अनादि, शांत, निर्मनुष्य म्हणून छापली तर ते खोटं होईल, मग छटा कितीही सुंदर असोत. फोटोतला विजेचा खांब आला तसा राहू द्यायचा, हे मी त्यामुळे ठरवलं. खांबामुळे फोटो उणा पडत असेल तर तो छापायचा नाही, पण खांब पुसायचा नाही.

धातू कुठून येतो, हा विचार मला आधी यायला हवा होता की नंतर, माहीत नाही. पण आला आणि गेला नाही. आठ बाय दहा इंचांच्या शुद्ध प्लॅटिनम प्रिंटला साधारण ग्रॅमचा दहावा भाग धातू लागतो. खनिजात तो टनामागे चारपाच ग्रॅम असतो. म्हणजे माझ्या एका कागदासाठी कुणीतरी जमिनीखालून वीसपंचवीस किलो खडक वर आणला. जगातलं बहुतेक प्लॅटिनम दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतून येतं. तिथल्या मारिकाना इथे, महिन्याला 12,500 रँड पगार मागणाऱ्या संपकरी कामगारांवर 16 ऑगस्ट 2012 रोजी पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि 34 जण मेले. त्याआधीचा इतिहासही निर्मळ नाही. पहिल्या महायुद्धात स्फोटकांना लागणारी आम्लं बनवायला प्लॅटिनम वळवलं गेलं, ते दुर्मीळ आणि महाग झालं, आणि फोटोचे प्लॅटिनम कागद बाजारातून जवळजवळ नाहीसे झाले. 1911 साली शिकागोत प्लॅटिनम कागद हाताळणाऱ्या फोटो कामगारांना दम्यासारखा त्रास होतो, अशी नोंद झाली. हातमोजे आणि तोंडावर पट्टी लावून मी स्वतःला वाचवते. खडक फोडणाऱ्याला मी वाचवू शकत नाही. धातू वापरायचाच असेल तर वाया घालवायचा नाही, इतकंच माझ्या हातात आहे, म्हणून चाचणीच्या पट्ट्या अगदी अरुंद कापते आणि ज्याबद्दल मन डळमळीत आहे तो फोटो इंकजेटवरच राहू देते.

पाण्याचा प्रश्न याहून जवळचा. लोखंड काढल्यावर प्रिंट चांगला धुवावा लागतो, पुस्तकात वाहत्या पाण्यात धुवा असं लिहिलेलं असतं. आमच्या तालुक्यात वाशी-शिर्की भागातल्या खारेपाटात उन्हाळा लागला की बायका टँकरची वाट पाहतात. हेटवणे धरण तालुक्यातच आहे आणि त्याचं पाणी नवी मुंबईलाही जातं. नळ सोडून ठेवून कागद धुणं इथे शोभत नाही. ट्रेमध्ये पाणी बदलत धुतलं तरी काम नीट होतं, वेळ जास्त लागतो, आणि ते पाणी ओढ्यात किंवा शेतात जाऊ द्यायचं नाही. त्यात ऑक्झलेट असतं, ते विषारी आहे. मी ते वेगळं साठवते. डेव्हलपर तर फेकायचाच नसतो, गाळून, भर घालून तो वर्षानुवर्षं चालतो. होळीनंतर मी छपाई बंद करते. पावसाळ्यात तशीही ती जमत नाही. हवेतला ओलावा कागदात मुरतो आणि मिश्रण खोल उतरून छटा मरतात. दिवाळी ते होळी एवढाच माझा हंगाम, आणि तो शेतकऱ्याच्या हंगामासारखा निसर्गाने ठरवला याचं मला समाधान आहे.

याच पेण तालुक्यातल्या गागोद्यात 11 सप्टेंबर 1895 रोजी विनोबा भावे यांचा जन्म झाला. ते पुढे ज्या आश्रमात गेले त्या गांधीजींच्या आश्रमातल्या अकरा व्रतांपैकी दोन मला डार्करूममध्ये सतत आठवतात, अस्तेय आणि असंग्रह. दुसऱ्याचं न विचारता घ्यायचं नाही, आणि गरजेपेक्षा जास्त साठवायचं नाही. फोटो काढणं म्हणजे घेणं आणि प्रिंट करणं म्हणजे साठवणं, असं म्हटलं तर माझं सगळं कामच या दोन व्रतांच्या विरुद्ध जातं. विनोबांनी तरुणपणी बडोद्याला आपली प्रमाणपत्रं चुलीत घातली आणि काशीत रचलेल्या कविता गंगेला अर्पण केल्या. केलेलं सोडून देण्याची ती ताकद माझ्यात नाही. ती असावी असं पुष्कळदा वाटलं. मग टिकवण्याचा हा खटाटोपच सोडून द्यावा का, इथवर विचार गेला.

पण मग गावातल्या घरांतल्या भिंती आठवल्या. वारलेल्या आजोबांचा हार घातलेला फोटो, चेहऱ्याच्या जागी निळसर डाग. लग्नाचा अल्बम, पानं एकमेकांना चिकटलेली, कारण आमच्या पावसाळ्यात बुरशी जिलेटिन खाते. काकींकडे त्यांच्या आईचा एकही फोटो नाही. जो होता तो एका पावसात गेला. विनोबांनी जे सोडलं ते स्वतःचं होतं, आणि ते सोडायचा अधिकार त्यांचाच होता. या घरांनी काही सोडलेलं नाही. त्यांच्या हातून ते गेलं आहे. टिकाऊ चित्र आजवर राजांना, साहेबांना, दिवाणखान्यांना मिळालं. ज्यांच्या घरात ओल सगळ्यांत जास्त त्यांना सगळ्यांत लवकर उडणारे फोटो मिळाले. सुती कागदालाही बुरशी लागू शकते, त्याला जपावं लागतंच. पण त्यातला चेहरा धातूचा असतो, तो उडत नाही. ही पद्धत कुठे हवी असेल तर ती या घरांत हवी.

म्हणून काकींच्या प्रश्नाला उत्तर सापडलं ते असं: पहिला चांगला प्रिंट त्यांचा. विकायचा झाला तर त्यानंतरचा, तोही त्यांना विचारून, आणि जे पैसे येतील त्यात त्यांचा वाटा. त्या नको म्हणाल्या तर निगेटिव्ह त्यांच्या हाती द्यायची. शंभर वर्षांनी हा फोटो कुणाच्या हाती असेल ते त्यांना किंवा मला माहीत असणार नाही, हेही मी त्यांना सांगितलं, कारण आज दिलेला होकार शंभर वर्षांसाठी पुरेल का याची मला खात्री नाही. त्यांनी ते समजून घेतलं आणि हो म्हणाल्या. फोटोच्या मागे त्यांचं पूर्ण नाव, गाव, शेताचं नाव आणि साल लिहिलं. त्यात त्यांनी स्वतः एक दुरुस्ती सुचवली: नवऱ्याच्या नावाआधी माझ्या आईचं नाव घाल. घातलं. तो प्रिंट आता त्यांच्या ओटीवर आहे, पश्चिमेच्या पावसाची झड जिथे पोचत नाही त्या भिंतीवर.

याने माझं मन पूर्ण निवांत झालेलं नाही. खाणीतल्या माणसाचं देणं तसंच आहे, आणि प्लॅटिनमच्या मानाची ओढ एका निर्णयाने जात नसते. पण कोणती निगेटिव्ह धातूत उतरवायची याची कसोटी मला मिळाली आहे. ज्या माणसाचं नाव मला माहीत नाही किंवा ज्याच्या घरी मी प्रिंट घेऊन जाऊ शकत नाही, त्याचा चेहरा मी प्लॅटिनममध्ये छापत नाही. यात काही फार चांगले फोटो मागे राहतात. राहू देत.

वाचणाऱ्यांना एक विनंती आहे, आणि तिला प्लॅटिनम लागत नाही. तुमच्या घरात जुने फोटो असतील. त्यातले चेहरे ओळखणारं कुणी अजून घरात असेल तर या दिवाळीला त्यांच्याजवळ बसा. प्रत्येक फोटोच्या पाठीवर, कडेला, मऊ पेन्सिलीने, न दाबता, नाव, गाव आणि अंदाजे साल लिहा. बॉलपेन वापरू नका. त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई झिरपते. प्लॅस्टिकच्या पाठीच्या फोटोंवर पेन्सिल उमटत नाही, ते कागदी पाकिटात घाला आणि नाव पाकिटावर लिहा.